अकरा महिन्यांचा शेजारी

जुमाची नमाज आटोपल्यावर इमामाभोवती चार-दोन माणसे थांबतात. कुणाला वारसाहक्काविषयी विचारायचे असते, कुणाला जकातीच्या हिशेबाविषयी, कुणाला नवजात मुलाच्या नावाविषयी. काही वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यात असाच एक गृहस्थ थांबला. तो रिक्षा चालवीत असे आणि मशिदीजवळच्याच एका पाच मजली इमारतीत, सर्वांत वरच्या मजल्यावर, भाड्याने राहत असे. तो म्हणाला, "मौलानासाहेब, छत गळते आहे. मालकांना सांगितले, तर ते म्हणतात गच्ची सोसायटीची आहे, कमिटीकडे जा. कमिटीकडे गेलो, तर ते म्हणतात तुम्ही सभासद नाही, मालकाला पाठवा. भाडे मात्र पाच तारखेला द्यावेच लागते. असे भाडे घेणे मालकाला हलाल आहे का? आणि मी ते रोखून धरले, तर गुन्हेगार मी ठरतो का?"

मी त्याला सबर करण्याचा उपदेश केला. अल्लाह सबर करणाऱ्यांच्या सोबत असतो, हे सांगितले. मालकही नमाजी माणूस आहे, आज ना उद्या लक्ष घालील, असा दिलासा दिला. यातील एकही वाक्य खोटे नव्हते. परंतु ते घरमालक पहिल्या सफमध्ये बसणारे आणि मशिदीच्या निधीला सढळ हाताने मदत करणारे होते, आणि त्यांच्याशी बोलण्याचा प्रसंग मला टाळायचा होता. गळक्या छतावर जशी ताडपत्री अंथरावी, तसा त्या दिवशी मी सबर हा शब्द अंथरला.

तो प्रश्न आजही मनात आहे. तो केवळ एका छताचा नाही. जो माणूस अकरा महिन्यांच्या कराराने एखाद्या इमारतीत राहतो, त्याचा त्या इमारतीशी नैतिक संबंध कोणता? तो पैसे देऊन राहणारा पाहुणा आहे, ग्राहक आहे, की शेजारी आहे? इमारत सुधारायची असेल, तर त्याला विचारणे हा मालकाचा मोठेपणा, की त्या माणसाचा हक्क? या प्रश्नांचा विचार आपण करत नाही, कारण आपल्या वस्त्यांत 'भाडेकरू' हा शब्दच काहीसा हलक्या आवाजात उच्चारला जातो.

आपल्या जिन्यांची कहाणी

मी ज्या मुंब्र्यात राहतो, ते ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीतील उपनगर. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईच्या अनेक वस्त्यांतून उखडलेली कुटुंबे येथे आली. पुढे कोकणातून, मराठवाड्यातून, उत्तर भारतातून रोजगारासाठी येणाऱ्यांनाही येथेच परवडणारे छप्पर मिळाले. गरज तातडीची होती आणि बांधणारे घाईत होते. इमारतीला इमारत खेटून उभी राहिली. कित्येकांना परवानगीचा कागद नाही, कित्येकांत नोंदणीकृत सोसायटी नाही, चार-पाच जणांची कमिटी तेवढी कारभार पाहते. मालक अनेकदा दुसरीकडे राहतो. घरात राहतात ते भाडेकरू, आणि त्यांच्या व मालकाच्या मध्ये असतो दलाल.

अशा घाईची किंमत आपण मोजली आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्यानजीक शीळ येथील लकी कंपाउंडमधील बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे मृत्युमुखी पडली. वर बांधकाम चालू होते आणि खाली माणसे राहत होती. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीतील पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत झोपेतल्या माणसांवर कोसळली. ३५ हून अधिक जीव गेले. इमारत एका रात्रीत पडत नाही. आधी पोपडे निघतात, मग ओल उतरते, सळया गंजून फुगतात, स्लॅबचे प्लास्टर तुकड्यातुकड्यांनी गळते. या सर्व खुणा सर्वांत आधी दिसतात त्या त्या छताखाली झोपणाऱ्याला. ज्याला दिसते त्याला विचारायचे नाही आणि ज्याला विचारायचे तो तेथे राहत नाही, अशी आपली व्यवस्था आहे.

इजारा म्हणजे काय?

फिक्हच्या ग्रंथांत भाड्याच्या व्यवहाराला 'इजारा' म्हणतात. त्याची व्याख्या मदरशातील प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो: ठरलेल्या मोबदल्यात ठरलेल्या उपभोगाची मालकी देणे. शब्द नीट पाहण्याजोगे आहेत. वस्तूची मालकी मूळ धन्याकडेच राहते. परंतु तिच्या उपभोगाची, म्हणजे मनफअतीची, मालकी कराराच्या मुदतीपुरती भाडेकरूकडे जाते. याचा अर्थ, भाडेकरू हा कुणाच्या मेहरबानीने राहणारा मनुष्य नव्हे. तोही एका गोष्टीचा मालक आहे. त्याने विकत घेतलेली वस्तू चार भिंती नाहीत; त्या भिंतींच्या आत निर्धास्तपणे, कोरडेपणाने, उजेडात राहता येणे ही त्याने घेतलेली वस्तू आहे.

या व्याख्येतून दोन्ही बाजूंची कर्तव्ये निघतात. हनफी फिक्हनुसार घराच्या मूळ बांधकामाची, छताची, भिंतींची, पन्हळीची दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी. भाडेकरूच्या वापराने झालेला कचरा व नासधूस ही भाडेकरूची. घर भाडेकरूच्या हातात अमानत असते. त्याने हेळसांड करून ते बिघडवले, तर तो भरपाईस पात्र ठरतो. आणि मालकाने आवश्यक दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूला करार मोडून घर सोडण्याचा अधिकार आहे. परंतु दोष ठाऊक असूनही तो तेथेच राहिला, तर सामान्यतः त्याला ठरलेले भाडे द्यावे लागते.

म्हणजे त्या रिक्षाचालकाच्या प्रश्नाचे पुस्तकी उत्तर असे होते: भाडे परस्पर रोखू नका, मात्र तुम्ही घर सोडू शकता. उत्तर बिनचूक आहे. पण ते घेऊन माणूस जाईल कोठे? डिपॉझिट मालकाकडे अडकलेले, दलालाला पुन्हा एका महिन्याचे भाडे द्यायचे, मुलांची शाळा जवळ, आणि पुढचे घर कोरडे असेल याची हमी नाही. जेथे सोडून जाणे हाच एकमेव हक्क असतो आणि जाण्याजोगी जागाच नसते, तेथे तो हक्क कागदावरच राहतो.

येथे आपल्या फुकहांनी केलेला एक सूक्ष्म भेद उपयोगी पडतो. ते 'कजा' आणि 'दियानत' यांत फरक करतात. काजीच्या दरबारात ज्याची सक्ती करता येते, ती कजा. बंदा आणि अल्लाह यांच्यामध्ये ज्याचा हिशेब होतो, ती दियानत. कित्येक गोष्टी अशा असतात की काजी त्यांबाबत शिक्षा करणार नाही, पण माणूस अल्लाहपुढे सुटणार नाही. भाडेकरूला अन्यत्र जाता येत नाही, हे ओळखून दुरुस्ती टाळणारा मालक एखाद्या वेळी कजेत सुटेल. दियानतीत सुटेल काय? पवित्र कुरआनच्या सूरह मुतफ्फिफीनच्या प्रारंभीच, घेताना माप पुरेपूर घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्या लोकांसाठी विनाशाचा इशारा आहे. आपण ती सूरह किराणा दुकानाच्या तराजूपुरती समजतो. भाडे पूर्ण मोजून घेणे आणि घर अर्धे देणे, हेही मापात मारणेच आहे.

कागदावरचे आणि कागदाबाहेरचे

देशाचा कायदा या बाबतीत अगदी मुका नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा वा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. याच कायद्याचे कलम १४ घर राहण्यायोग्य ठेवण्याचे कर्तव्य मालकावर टाकते. मालकाने सूचना मिळूनही दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूने ती करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करावा, अशी सोयही वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाच्या मर्यादेत आहे. परंतु आपल्याकडे होतात ते करार बहुतेक अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सचे. त्यात राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरूच नसतो. तो केवळ परवानाधारक असतो. मुदत संपली की परवाना संपला. त्यामुळे ज्याला तक्रार करायची आहे, त्याच्या डोळ्यांपुढे आधी अकरावा महिना उभा राहतो.

त्यात भर 'हेवी डिपॉझिट'ची. काही लाख रुपये मालकाला द्यायचे आणि मासिक भाडे शून्य किंवा नाममात्र ठेवायचे, ही पद्धत आपल्या वस्त्यांत सर्रास आहे. हे डिपॉझिट मालक वापरतो आणि पुढे तेवढेच परत करतो. म्हणजे शरीअतच्या दृष्टीने ते कर्ज असते. कर्ज दिल्याबद्दल भाड्यात सूट मिळणे हा कर्जावरचा लाभ ठरतो, आणि म्हणून बहुसंख्य मुफ्ती या पद्धतीला व्याजाच्या वर्गात घालतात. या निषेधामागे एक व्यावहारिक शहाणपणही मला दिसते. जेथे महिन्याचे भाडे नाही, तेथे दुरुस्तीसाठी महिन्याला बाजूला पडणारा पैसा नाही. मालकाने रक्कम दुसरीकडे गुंतवलेली असते. छत गळू लागले की त्याच्या हातात काही नसते, आणि भाडेकरू रक्कम अडकल्यामुळे हलू शकत नाही. दोघेही एकमेकांचे कैदी होतात. सरळ भाडे, बेताचे डिपॉझिट आणि लेखी करार ही शरीअतची वाट आहे, आणि इमारत टिकवण्याचीही हीच वाट आहे. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा सूरह बकरामध्ये किती तपशीलाने आली आहे, हे आपण जाणतोच.

जहाजाचे दोन मजले

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी समाजाच्या परस्पर जबाबदारीसाठी दिलेला एक दृष्टान्त सहीह बुखारीत आहे. त्याचा आशय असा: काही लोकांनी एका जहाजात चिठ्ठ्या टाकून जागा वाटून घेतल्या. कुणाला वरचा मजला मिळाला, कुणाला खालचा. खालच्यांना पाणी घेण्यासाठी वर जावे लागे. त्यांनी विचार केला की आपण आपल्याच भागात भोक पाडू, म्हणजे वरच्यांना त्रास होणार नाही. वरच्यांनी त्यांना तसे करू दिले, तर सगळेच बुडतील; त्यांचा हात धरला, तर सगळेच वाचतील.

हा दृष्टान्त मी अनेकदा खुत्ब्यात सांगितला आहे, आणि प्रत्येक वेळी भोक पाडणाऱ्याला दोष देऊन थांबलो आहे. भाड्याच्या घरांत राहू लागल्यावर त्यातील एक बारीक तपशील ध्यानात आला. खालच्या लोकांची नियत वाईट नव्हती. वर पाणी मागायला जाणे म्हणजे वरच्यांना त्रास देणे, असे त्यांना वाटू लागले होते. मागण्याची वाट ज्या दिवशी संकोचाची झाली, त्याच दिवशी भोकाची सुरुवात झाली. आपल्या इमारतींत हेच घडते. कमिटीकडे जायची चोरी, म्हणून कुणी स्वतःच नळजोडणी फोडतो. कुणी गळणाऱ्या बाथरूमवर नुसती नवी फरशी बसवतो. कुणी डक्टमध्ये पाइप खुपसतो. भिंतीच्या पोटात पाणी मुरते आणि जहाज बसू लागते.

म्हणून वरच्यांवर हात धरण्याची जबाबदारी आहे, तशीच मागण्याची वाट खुली ठेवण्याचीही आहे. आणि वाट खुली ठेवण्याचे नावच मश्वरा. पवित्र कुरआनने आपसांतील कारभार परस्पर विचारविनिमयाने चालवणे हे ईमानवंतांचे लक्षण सांगितले आहे. उहुदच्या आधी प्रेषितांनी (स.) सल्ला घेतला, स्वतःचा कल मदीनेत राहूनच लढण्याकडे असूनही बहुतेकांचे मत मानून ते बाहेर पडले, आणि त्या लढाईत मुस्लिमांची हानी झाली. त्यानंतर सूरह आलि इमरानमध्ये आज्ञा आली ती अशी की, या लोकांना क्षमा करा आणि त्यांच्याशी सल्लामसलत चालू ठेवा. सल्ल्याचा परिणाम कटू झाल्यावरही सल्ला बंद करू नका, असा याचा अर्थ मी समजतो.

दोन आक्षेप

घरमालक बंधू येथे एक रास्त आक्षेप घेतात. ते म्हणतात, "पैसा आमचा, जोखीम आमची. उद्या जाणाऱ्याला आज मत कशाला?" खर्चाचा निर्णय खर्च करणाऱ्याने घ्यावा, सोसायटीच्या सभेत मतदान सभासदांनीच करावे, हे मान्य. पण मत वेगळे आणि माहिती वेगळी. कोणत्या नळातून रात्री पाणी ठिबकते, जिन्याच्या कोणत्या वळणावर दिवा नाही, हे भाडेकरूलाच ठाऊक असते. त्याला न विचारता केलेली दुरुस्ती ही रोग्याला न तपासता दिलेल्या औषधासारखी असते. शिवाय ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेण्याची जबाबदारी महापालिका कायदा मालक किंवा भोगवटादार, अशा दोघांचा उल्लेख करून सांगतो. स्लॅब कोसळताना कुणाच्या नावावर खरेदीखत आहे, हे पाहत नाही.

दुसरा आक्षेप भाडेकरूंचा, आणि तो अधिक वेदनेचा आहे. ते म्हणतात, "आम्ही कशाला बोलावे? घर सुधारले की भाडे वाढते. आम्ही मागून रंग लावून घ्यायचा आणि त्या रंगीत घरात दुसऱ्याने राहायचे!" ही भीती काल्पनिक नाही. सुधारणेचा पहिला फटका कित्येकदा ती मागणाऱ्यालाच बसतो. मालकाने केलेल्या खर्चाचा वाजवी मोबदला मागू नये, असे शरीअत म्हणत नाही. पण तक्रार केली एवढ्याच कारणाने करार न वाढवणे हा जुलूम आहे. आणि दुरुस्ती हे मूळ कर्तव्यच असेल, तर तिचा मोबदला दुसऱ्यांदा मागण्यात न्याय नाही. छत कोरडे ठेवणे हे आधीच्याच भाड्यात आलेले असते.

भाडेकरू बांधवांनाही एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण मी स्वतः त्यांच्यातलाच आहे. सहा वर्षांत तीन घरे बदलली आहेत. 'आपल्याला काय, अकरा महिने काढायचे' हे वाक्य मी स्वतःच्या घरात उच्चारलेले आहे. सूरह कहफमध्ये हजरत मूसा (अ.) आणि त्यांचे ज्ञानी सोबती एका गावात पोचतात. गाव त्यांना जेवणही देत नाही. तरी तेथे पडायला आलेली एक भिंत दिसताच ते सोबती ती मोबदला न घेता सावरून ठेवतात. ते त्या गावात अकरा महिनेदेखील राहणार नव्हते, आणि गावाचे वर्तन तर उघडच वाईट होते. पुढे कळते की त्या भिंतीखाली दोन अनाथ मुलांची ठेव होती. आपण ज्या जिन्यावर थुंकतो, ज्या डक्टमध्ये कचऱ्याची पिशवी टाकतो, जी पाण्याची मोटर चालू ठेवून झोपी जातो, तेथे आपल्यानंतर कुणाची मुले राहायला येणार आहेत, हे आपल्याला ठाऊक नसते. मुदत संपते, अमानत संपत नाही.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी तर हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांचे उदाहरण पुरेसे आहे. हिजरतीनंतर प्रेषित (स.) त्यांच्या घरी तळमजल्यावर उतरले होते. एके दिवशी वर पाण्याचा माठ फुटला. खाली थेंब गळू नये म्हणून पती-पत्नींनी घरातील एकुलते एक पांघरूण पाण्यावर टाकून ते टिपून घेतले. खाली कोण होते हे त्यांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी तसे केले, असे कुणी म्हणेल. पण शेजाऱ्याच्या हक्काबद्दल जिब्रील (अ.) इतके बजावत राहिले की शेजारी वारसदार ठरेल की काय असे प्रेषितांना (स.) वाटू लागले, ही हदीस आपण वाचली आहे. त्यात शेजाऱ्याच्या घराचा मालकीहक्क तपासण्याची अट नाही.

एका इमारतीतील प्रयत्न

गेल्या वर्षी मी राहतो त्या इमारतीत जिना आणि टाकी यांच्या दुरुस्तीचा विषय निघाला. २४ घरे, त्यांपैकी १५ भाड्याची. कमिटीतील एका वडीलधाऱ्या सदस्यांनी सुचवले की भाडेकरूंनाही बोलवावे. रविवारी असरनंतर गच्चीवर बैठक ठेवली. भाडेकरूंपैकी तिघेच आले. नंतर एकाने मला एकट्याला सांगितले, "कमिटीच्या डोळ्यांत आलो, तर करार वाढवणार नाहीत." मग प्रत्येक मजल्यावर एकेका घरी वेगळे बसायचे ठरले. पुरुष कामावर, म्हणून बोलल्या त्या बहुतेक घरातील स्त्रिया, आणि इमारत त्यांच्याइतकी कुणालाच माहीत नव्हती. गच्चीवरील टाकीचे झाकण तुटलेले आहे, तिसऱ्या मजल्याच्या डक्टमधला पाइप फुटला आहे, जिन्यात दिवा नसल्याने एक म्हातारी घसरून पडली होती, हे सर्व त्यांनी सांगितले. यादीत नऊ गोष्टी झाल्या. मालकांना वाटले होते की भाडेकरू भाडे कमी करा म्हणतील. नऊत भाड्याचा उल्लेखही नव्हता. सहा कामे तर थोड्या पैशांत आणि आठवडाभरात झाली.

मग एका कागदावर तीन गोष्टी लिहिल्या. दोष दाखवला म्हणून कुणाचा करार थांबवायचा नाही. चालू कराराच्या मुदतीत या दुरुस्तीचे निमित्त करून भाडे वाढवायचे नाही. आणि भाडेकरूंनी कचरा, मोटर व जिन्याची स्वच्छता पाळीपाळीने सांभाळायची. सगळे सुरळीत झाले, असे मी लिहिले तर ते खोटे ठरेल. दोन मालकांनी सही केली नाही. दोन घरांनी आपली पाळी कधीच पाळली नाही. पण टाकीला झाकण आहे, जिन्यात उजेड आहे, आणि मगरिबच्या वेळी खाली उतरताना लोक एकमेकांना नावाने सलाम करतात. पूर्वी ते खोलीच्या क्रमांकाने ओळखले जात.

भिजलेले धान्य

आता पुन्हा त्या पहिल्या छताकडे. त्या पावसाळ्यानंतर करार संपताच तो रिक्षाचालक घर सोडून गेला. मालकांनी छताला पांढरा रंग लावला. पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी मी त्या इमारतीखालून जात असताना टेम्पोतून सामान उतरत होते. एक तरुण जोडपे, कडेवर लहान मूल. सामान पाचव्या मजल्यावर चालले होते. मला ते छत ठाऊक होते. मी पुढे चालू लागलो.

वीस पावलांवर मला मदीनेच्या बाजारातील तो प्रसंग आठवला. प्रेषितांनी (स.) धान्याच्या एका राशीत हात घातला, तर आत ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. तेव्हा त्यांनी विचारले की मग ते भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही. आणि फसवणाऱ्याशी आपले नाते तोडल्याची घोषणा केली. ओल पावसाची होती, हे त्यांनी नाकारले नाही. गुन्हा ओल असण्यात नव्हता. ती झाकण्यात होता. आणि मी तर विक्रेताही नव्हतो. मी फक्त ओल माहीत असलेला, गप्प राहणारा वाटसरू होतो. त्या पांढऱ्या रंगात माझाही एक हात होता.

मी परत फिरलो आणि त्यांना सांगितले. डिपॉझिट देऊन झाले होते. दलालाने काहीच बोलले नव्हते. ते तेथेच राहिले, पण पावसाच्या आधी गच्चीचे काम करून द्यावे, असे त्यांनी मालकांना लेखी कळवले. मालक माझ्यावर रागावले. "मौलाना, तुम्ही माझे भाडेकरू पळवता काय?" असे त्यांनी विचारले. मी त्यांना धान्याची हदीस ऐकवली आणि हेही सांगितले की ही मी तुम्हाला दोन वर्षांपूर्वीच ऐकवायला हवी होती. दोन जुमे ते मागच्या सफमध्ये बसले. पावसाच्या तोंडावर त्यांनी कमिटीशी बोलून, खर्च वाटून घेऊन, गच्चीचे वॉटरप्रूफिंग करून घेतले. करार वाढवताना भाडे एक हजाराने वाढवले. ती वाढ न्याय्य होती की नाही, यावर त्यांचे आणि माझे अजून एकमत नाही.

त्या रिक्षाचालकाला मी शोधून काढले. तो कौसाकडे राहायला गेला होता. मी त्याची माफी मागितली. त्याने ती सहज दिली, आणि मग विचारले, "ते छत आता कोरडे आहे ना? तिथे लहान मूल आहे म्हणतात." ज्या घरात तो पुन्हा कधी राहणार नव्हता, त्या घराची त्याला काळजी होती. भाडेकरूचा इमारतीशी संबंध कोणता, या माझ्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे मिळाले.

बंधू-भगिनींनो, या जगात आपण सर्वच मुदतीचे रहिवासी आहोत. ज्याच्याकडे खरेदीखत आहे तोही, आणि ज्याच्याकडे अकरा महिन्यांचा कागद आहे तोही. घरमालकांनी या आठवड्यात एकदा आपल्या भाडेकरूच्या घरी जाऊन छताकडे पाहावे. भाडेकरूंनी जिन्याकडे आपला म्हणून पाहावे. आणि इमामांनी, ज्यांत सर्वांत आधी मी येतो, सबरचा उपदेश करण्यापूर्वी पाचवा मजला चढावा. अल्लाह आपल्याला अमानती ज्यांच्या त्यांच्यापर्यंत पोचवण्याची तौफीक देवो आणि आपल्या घरांना सुरक्षिततेचे व शेजारधर्माचे स्थान बनवो. आमीन.